परसातली मेथी आणि ससे: अमेरिकेत पहिल्यांदा बाग करणाऱ्यांसाठी

एप्रिलच्या शेवटी पेरलेली मेथी बोटभर वर आली होती. संध्याकाळी पाणी घातलं तेव्हा वाफा हिरवागार होता. सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर गेले तर नुसत्या काड्या उभ्या. आई त्या वर्षी सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीत सहा महिन्यांसाठी आली होती. ती वाफ्यापाशी उकिडवी बसली, एक काडी चिमटीत धरून टोक निरखलं आणि म्हणाली, "अगं, हे किडीनं खाल्लेलं नाही. विळ्यानं कापल्यासारखं तिरकं आहे बघ."

आईनं विळा म्हटलं ते अगदी बरोबर होतं. सशाचे पुढचे दात असेच कापतात, साधारण 45 अंशांत, स्वच्छ. त्या दिवसापासून आजपर्यंत मी आमच्या परसात आणि ओळखीच्या पाच-सहा घरी सशांसाठी कुंपणं घातली आहेत. दर वसंतात कुणीतरी नवीन मंडळी विचारतात, "ससे येतात हो, काय फवारायचं?" त्यांना मी जे सांगते तेच इथं सविस्तर लिहिते आहे. फवारण्याचा विचार सोडा, जाळी लावा, आणि जाळीच्या उंचीपेक्षा तिच्या खालच्या कडेकडे जास्त लक्ष द्या. ससा वरून येत नाही, खालून येतो.

आधी चोर कोण ते ओळखा

नवीन माणसाची पहिली चूक इथंच होते. हरणासाठी लागणारं कुंपण वेगळं, सशासाठीचं वेगळं. चुकीच्या प्राण्यासाठी पैसे घातले की पैसे जातात आणि भाजीही जाते.

हरणाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते पान खालच्या दातांत धरून ओढतं, त्यामुळे देठाचं टोक फाटलेलं, दशा निघाल्यासारखं दिसतं. टोमॅटोचे शेंडे कमरेच्या उंचीवर गेले असतील तर तो ससा नव्हेच. ससा दोन फुटांच्या खालचंच खातो.

रोप जमिनीलगत कापलेलं आहे पण तिथंच आडवं पडलेलं आहे, खाल्लेलं नाही, असं दिसलं तर ते कटवर्म अळीचं काम. बोटानं रोपाभोवतीची इंचभर माती उकरा, राखाडी रंगाची गुंडाळलेली अळी बहुतेक वेळा तिथंच सापडते. ससा कापलेलं सोडून जात नाही, कोवळं रोप सगळं खाऊन टाकतो.

तिसरा म्हणजे ग्राउंडहॉग. जाडजूड, तपकिरी, मांजरापेक्षा मोठा, आणि भर दिवसा येऊन वाफाच्या वाफा रिकामा करणारा. त्याचं बीळ मोठं असतं आणि बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग दिसतो. तो चढतोही आणि खणतोही, म्हणून त्याच्यासाठी तीन ते चार फूट उंच जाळी लागते आणि वरचा फूटभर भाग मोकळा, बाहेर झुकलेला ठेवावा लागतो. चढताना ती जाळी हलते आणि तो मागे फिरतो. हरणांसाठी तर आठ फुटी जाळीची गोष्ट आहे, तो विषय इथं घेत नाही.

सशाची सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे लेंड्या. वाटाण्याएवढ्या, गोल, कोरड्या, विखुरलेल्या. पहाटे किंवा दिवेलागणीला खिडकीतून दहा मिनिटं नजर ठेवलीत तर ससाच दिसेल. भर दुपारी तो क्वचितच बाहेर पडतो.

हा ससा आपल्याकडचा नव्हे

अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागात परसात दिसणारा ससा म्हणजे ईस्टर्न कॉटनटेल. एक-दीड किलोचा, तपकिरी, शेपटीखाली कापसाच्या बोळ्यासारखा पांढरा ठिपका. महाराष्ट्रात माळावर, हरभऱ्याच्या रानात पायाखालून उठून पळतो तो ससा वेगळ्या जातीचा. तो इंग्रजीत ज्याला हेअर म्हणतात त्यातला. लांब पायांचा, मोकळ्यावर राहणारा, आणि त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ, उघड्या डोळ्यांची असतात. घरी पाळतात तो पांढरा ससा मूळचा युरोपातला, तो बिळं खणतो.

कॉटनटेल या दोघांपेक्षा निराळा. तो स्वतः बीळ खणत नाही. झुडपाखाली, लाकडांच्या ढिगात, डेकखाली, दुसऱ्या कुणाच्या जुन्या बिळात लपतो. मादी हिरवळीतच बशीएवढा उथळ खळगा करते, त्यात वाळलेलं गवत आणि स्वतःच्या अंगाची लव घालते, आणि तिथं उघडी, मिटल्या डोळ्यांची पिल्लं देते. गर्भ साधारण महिनाभराचा. एका खेपेला चार-पाच पिल्लं आणि वसंतापासून शरदापर्यंत अशा अनेक खेपा. म्हणून "दोनच ससे आहेत, खाऊ दे थोडं" असं मे महिन्यात म्हणालात तर ऑगस्टपर्यंत ती मोजणी बदललेली असते.

या माहितीचा कुंपणाशी थेट संबंध आहे. तो खोल बीळ खणणारा नाही म्हणून जाळी फार खोल पुरावी लागत नाही. पण जाळीच्या बुडाशी फट दिसली तर पंजांनी चार वेळा उकरून ती मोठी करायला त्याला काही वाटत नाही. उंच उडी मारण्याची त्याला सवय नाही, म्हणून दोन फूट उंची पुरते. आणि पिल्लं फार लहान असताना वाफ्यापर्यंत पोचतात, म्हणून जाळीचं भोक एक इंच किंवा त्याहून बारीकच हवं. दोन इंची भोकाच्या जाळीतून महिन्याचं पिल्लू सहज आत जातं.

तुम्ही कोलोरॅडो, ॲरिझोना, टेक्सासच्या कोरड्या भागात असाल तर तिथं लांब कानांचा जॅकरॅबिटही असतो. तो नावाला रॅबिट, पण जातीनं आपल्या माळरानावरच्या सशाच्या जवळचा आणि उड्या मारणारा. तिथं तीन फुटी जाळी लावा.

कुंपण: काय आणायचं आणि किती

आमचा वाफा 8 फूट बाय 12 फूट आहे, त्याचाच हिशोब देते. तुमच्या मापानं फिरवून घ्या.

घेर होतो 40 फूट. हार्डवेअरच्या दुकानात चिकन वायर, म्हणजे षटकोनी भोकांची कोंबडीची जाळी, 50 फुटांच्या गुंडाळीत मिळते. एक इंची भोकाची, 36 इंच रुंदीची, गॅल्व्हनाइज्ड घ्या. 36 इंचच का? 24 इंच जमिनीवर, 6 इंच जमिनीत, आणि उरलेले 6 इंच तळाशी बाहेरच्या बाजूला दुमडलेले. बरोबर 36. बरेच जण 24 इंची गुंडाळी आणतात कारण "दोन फूट पुरतं" असं ऐकलेलं असतं, मग जमिनीत घालायला काही उरत नाही आणि जाळी नुसती मातीवर टेकवून ठेवली जाते. ती जाळी सशासाठी नसल्यासारखीच.

हात जरा सैल सोडता येत असेल तर चिकन वायरऐवजी अर्धा इंची हार्डवेअर क्लॉथ घ्या. नावात क्लॉथ असलं तरी ती चौकोनी भोकांची तारेची जाळी आहे. महाग पडते पण पिळवटत नाही, लवकर गंजत नाही आणि लहानातलं लहान पिल्लूही तिच्यातून जात नाही. प्लास्टिकची जाळी मात्र सशासाठी घेऊ नका. ती दातांनी कुरतडून भोक पाडणं त्याला अवघड नाही.

खुंट चार फुटी, लाकडी किंवा लोखंडी. दर चार फुटांवर एक धरला तर चार कोपरे, लांब बाजूंना मध्ये दोन-दोन, आखूड बाजूंना मध्ये एक-एक, असे दहा. फाटकासाठी अकरावा. शिवाय झिप टायचं एक पाकीट (उन्हात टिकणारे काळे घ्या), जमिनीत ठोकायच्या यू आकाराच्या तारेच्या पिना पन्नासेक, तार कापायची कात्री आणि जाड कातडी हातमोजे. हातमोज्यांची काटकसर करू नका, कापलेल्या चिकन वायरची टोकं सुईसारखी असतात.

खणण्याच्या काही कामाचे दिवस आधी 811 या नंबरला फोन करा. सहा इंचांसाठी कशाला, असं वाटेल. पण खुंट दीड फूट जातात, आणि परसातून गॅसची, विजेची, इंटरनेटची लाइन कुठून गेली आहे ते आपल्याला दिसत नाही. फोन फुकट आहे. माणसं येऊन जमिनीवर रंगाच्या खुणा करून जातात, पिवळी म्हणजे गॅस, लाल म्हणजे वीज. तुमच्या सोसायटीची, म्हणजे इथल्या भाषेत एचओएची, कुंपणाबद्दल अट असेल तर तीही आधीच विचारून घ्या. भाड्याचं घर असेल तर घरमालकाला विचारा.

कुंपण घालायचं कसं

वेळ सांगते आधी. जमीन थंडीनं गोठलेली सुटली की, आमच्याकडे मार्च अखेरीस, कुंपण घाला. मग मटार, पालक, मेथी, कोथिंबीर पेरा. उलटा क्रम नको. रोपं आल्यावर कुंपण घालू म्हणणाऱ्यांची पहिली पेरणी सशाच्या पोटात जाते, आणि एकदा त्याला तुमचा वाफा ठाऊक झाला की तो रोज येऊन जाळीभोवती फिरत राहतो, फट शोधत. ऑस्ट्रेलियात हे फार मोठ्या प्रमाणावर घडलं आहे. 1859 साली व्हिक्टोरियात सोडलेल्या सशांची संतती पश्चिमेकडे सरकू लागली, म्हणून वेस्टर्न ऑस्ट्रेलियानं 1901 ते 1907 या काळात 1,833 किलोमीटर लांबीचं ससारोधक कुंपण उभं केलं. ते पुरं होण्याआधीच ससे पलीकडे पोचले होते, म्हणून आणखी दोन कुंपणं घालावी लागली. आपला वाफा 40 फुटांचा आहे. एका शनिवारी पुरा होतो, तर तो पेरणीच्या आधीच्या शनिवारी करावा.

दोरी ताणून वाफ्याची कड आखा. कडेच्या बाहेरच्या अंगाला, सगळीकडून, सहा इंच खोल आणि सात-आठ इंच रुंद चर खणा. वरची हिरवळ फावड्यानं पोळीसारखी उचलून बाजूला ठेवा, नंतर परत बसवता येते.

चराच्या आतल्या कडेला खुंट ठोका, दीड फूट जमिनीत. आधी चार कोपरे, मग मधले.

आता जाळी दुमडायची. हे काम वाफ्यापाशी करू नका, ड्राइव्हवेवर करा. जाळी सपाट पसरा, खालच्या कडेपासून सहा इंचांवर एक लाकडी फळी ठेवा, त्या फळीवर पाय देऊन उभं राहा आणि कड हातानं वर ओढत काटकोनात वळवा. पुढे सरकत सरकत सगळी पट्टी अशी वळवून घ्या. दोन माणसं असली तर वीस-पंचवीस मिनिटांत होतं.

जाळी खुंटांच्या बाहेरून लावा. ससा बाहेरून ढकलतो, तेव्हा जाळी खुंटावर दाबली जाते. आतून लावली तर त्याच ढकलण्यानं ती खुंटापासून सुटते. दर खुंटाला तीन झिप टाय, वर, मध्ये आणि जमिनीलगत. जमिनीलगतचा कधीही गाळू नका. दुमडलेली पट्टी चराच्या तळाशी बाहेरच्या दिशेनं आडवी बसेल. तिच्यात दर फुटाला एक पीन ठोका, माती लोटा, पायानं घट्ट दाबा, हिरवळीचे तुकडे परत बसवा.

ही बाहेरची पट्टी या सगळ्या कामाचा जीव आहे. ससा कुंपणाला नाक लावून उभा राहतो आणि तिथंच उकरतो. दोन पावलं मागं जाऊन भुयार काढावं असं त्याला सुचत नाही. उकरलं की पंजाखाली जाळीच लागते. दोन-तीन ठिकाणी प्रयत्न करून तो क्लोव्हर खायला हिरवळीकडे निघून जातो. आमच्या कुंपणाच्या उत्तर बाजूला अशी उकरलेली तीन छोटी खळगी दर वसंतात दिसतात, आणि प्रत्येकात मातीखाली तारेचं षटकोन चमकत असतं.

खणणं शक्य नसेल, जमीन दगडाळ असेल किंवा झाडांची मुळं असतील, तर 36 इंचांपैकी 24 उभे ठेवा आणि 12 इंच बाहेर हिरवळीवर आडवे पसरा. दाट पिना ठोका. महिनाभरात गवत जाळीतून वर येऊन तिला धरून ठेवतं.

जिथं जाळीची दोन टोकं एकत्र येतात तिथं किमान सहा इंच एकावर एक घ्या आणि दर तीन-चार इंचांवर बांधा. गुंडाळी 50 फुटांची आहे, घेर 40 फुटांचा, तेव्हा जाळी पुरते. ओढूनताणून कड जुळवत बसू नका.

फाटक

आमची दुसरी पेरणी फाटकाखालून गेली. कुंपण उत्तम झालं होतं, पण फाटक सहज उघडावं म्हणून खाली चार बोटं जागा सोडली होती. आठवडा गेला आणि पालकाची अर्धी ओळ साफ. फाटकाखालच्या मातीवर लव चिकटलेली दिसली तेव्हा उलगडा झाला.

तेव्हा फाटकाखाली माती ठेवायचीच नाही. काँक्रीटच्या दोन-तीन फरश्या जमिनीच्या पातळीला बसवा, त्यावर फाटक असं टांगा की खालची फट इंचभरापेक्षा कमी राहील. फाटकाची चौकट साध्या पट्ट्यांची, तीन फूट रुंद, तिच्यावर तीच जाळी. कडीचं फाटक वाऱ्यानं उघडतं, म्हणून हूक लावा. बिजागरीच्या बाजूची फटही बघा, तिथं बहुतेकांचं लक्ष जात नाही.

दोन फुटी कुंपण ओलांडून जाता येतं, फाटक कशाला, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं. त्याला जमतंही. पण घरात कुणी गुडघेदुखीवालं असेल, भारतातून आई-बाबा, सासू-सासरे येणार असतील, तर फाटक कराच. आईला संध्याकाळी कोथिंबीर खुडायला एकटीला जाता यायला हवं होतं, म्हणून आमच्याकडे फाटक आहे.

जाळी बंद करण्याआधी: आत कुणी नाही ना?

हे काम दहा मिनिटांचं आहे, पण माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. शेवटचा खुंट बांधण्याआधी वाफ्यात आणि कडेच्या गवतात चालून बघा. कोरड्या गवताचा आणि करड्या लवेचा झाकलेला गोळा दिसला तर ते सशाचं घरटं असू शकतं. लव हळूच बाजूला केली तर आत एकमेकांना चिकटलेली पिल्लं दिसतील.

बघितलं की परत झाका. पिल्लं पोरकी नाहीत. आई दिवसभर मुद्दाम लांब राहते, आणि पहाटे आणि संध्याकाळी काही मिनिटंच येऊन दूध पाजून जाते. ती दिसली नाही म्हणजे सोडून गेली असं समजून पिल्लं घरात आणू नका, गाईचं दूध तर मुळीच पाजू नका. खात्री करायची असेल तर घरट्यावर दोऱ्याचे दोन-तीन आडवेउभे तुकडे ठेवा. सकाळी दोरे हललेले असले की आई येऊन गेली.

जन्मल्यापासून साधारण तीन आठवड्यांत पिल्लं घरटं सोडून आपल्या वाटेनं जातात. तेवढे दिवस त्या बाजूचं कुंपण उघडं ठेवा आणि पेरणी थांबवा, किंवा पेरलेल्या ओळीवर तात्पुरतं झाकण ठेवा. आमच्याकडे एका वर्षी मटाराच्या ओळीशेजारीच घरटं निघालं. मटार तीन आठवडे उशिरा पेरले. त्या वर्षी शेंगा थोड्या कमी आल्या, आणि मुलीनं रोज संध्याकाळी खिडकीतून सशाची आई येताना बघितली. डेकखालची, शेडखालची फट हार्डवेअर क्लॉथनं बंद करायची असेल तेव्हाही आत पिल्लं नाहीत ना, हे आधी बघा. ती अडकून मरू देऊ नका.

ससे पकडून गाडीतून दुसरीकडे सोडून येणं अनेक राज्यांत परवान्याशिवाय बेकायदा आहे, आणि अनोळखी जागी सोडलेला प्राणी बहुधा जगत नाही. त्या वाटेला जाऊ नका. (भारतातही रानसशाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, गावाकडे शेती असलेल्यांनी हेही ध्यानात ठेवावं.)

कुंपण घालताच येत नसेल तर

अपार्टमेंट, टाउनहाउस, किंवा एचओए कुंपण नाही म्हणते. अशा वेळी वाफ्याला झाकण करा. चार बाय चार फुटांचा वाफा, त्यावर लाकडी पट्ट्यांची खोक्यासारखी चौकट, दीड-दोन फूट उंच, चारी बाजूंनी आणि वरून हार्डवेअर क्लॉथ. उचलून बाजूला ठेवता येतं. मेथी, पालक, कोथिंबीर, लाल माठ यांना फुलांवर मधमाशी यायची गरज नाही, सबंध हंगाम झाकलेले चालतात. काकडी, भोपळा मात्र फुलावर आले की झाकण काढावं लागतं, नाहीतर फळ धरणार नाही.

पांढऱ्या कापडासारखं रो कव्हर कमानींवर ताणूनही काम होतं, फक्त कडा विटांनी सलग दाबलेल्या हव्यात. एक फूट उंचीचा रेझ्ड बेड म्हणजे सशापासून सुटका असं दुकानात सांगतात, तसं नाही. फूटभर तो आरामात चढतो. अशा बेडच्या फळ्यांनाच स्टेपलगननं दोन फुटी जाळी ठोका.

फवारे, तिखट, केस आणि डांबराच्या गोळ्या

भित्र्या सशाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे, पान पडलं आणि आभाळ पडलं म्हणून पळाला तो. परसातला ससा असा पळतो खरा, पण पहिल्या दिवशी. प्लास्टिकचं घुबड, चमकत्या पट्ट्या, वाऱ्यावर फिरणारी चक्रं, साबणाच्या वड्या, सलूनमधून आणलेले केस, यांची त्याला आठवड्यात सवय होते.

बाजारात मिळणारे अंड्याच्या वासाचे किंवा तिखटाचे फवारे काही दिवस उपयोगी पडतात. पण पावसानंतर परत मारावे लागतात, नवीन फुटलेल्या पानावर ते नसतातच, आणि आपण पानंच खाणार असू तर लेबलवर खाद्य पिकांवर चालेल असं स्पष्ट लिहिल्याशिवाय मारायचे नाहीत. फुलझाडांसाठी घ्या, मेथीसाठी नको. घरातलं लाल तिखट भुरभुरण्याचा सल्लाही फिरत असतो. वाऱ्यानं ते आपल्याच डोळ्यात जातं, पावसानं वाहून जातं.

डांबराच्या गोळ्या मात्र अजिबात टाकू नका. कपाटात ठेवायच्या म्हणून आपल्याकडे त्या सवयीच्या आहेत आणि कुणी ना कुणी सांगतंच. इथं त्या कीटकनाशक म्हणून नोंदलेल्या आहेत आणि लेबलवर सांगितलेल्या वापराबाहेर, म्हणजे उघड्या बागेत, टाकणं कायद्यानं मना आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यातलं विष मातीत उतरतं आणि त्या पांढऱ्या गोळ्या लहान मुलांना खाऊसारख्या दिसतात.

काय लावलं तर कमी त्रास

मटार, घेवडा, चवळी, पालक, लेट्यूस, कोबीवर्गीय रोपं, बीट आणि गाजराचा पाला हे सशाचे आवडते. यांना जाळीच्या आत जागा द्या. कांदा, लसूण, बटाटा, टोमॅटो, काकडी, भोपळा, मका यांना तो सहसा तोंड लावत नाही, जागा कमी असेल तर हे बाहेर लावा. पण भुकेला ससा आणि कोवळं रोप अशी गाठ पडली तर कोणतीच यादी कामी येत नाही. मिरचीची रोपं वीतभर होईपर्यंत मी आतच ठेवते.

लपायच्या जागा कमी केल्यात तर येणंही कमी होतं. वाफ्याशेजारी फांद्यांचा ढीग, गुडघाभर गवत ठेवू नका. हे साफ करताना पायघोळ पँट मोज्यात खोचा आणि नंतर अंगावर गोचीड नाही ना ते बघा, आमच्या भागात लाइम आजाराची भीती असते. वाफ्यात लेंड्या दिसल्या तर त्या लागलेली पानं टाकून द्या, बाकीची भाजी नीट धुवा. मेलेला ससा सापडला तर उघड्या हातानं उचलू नका, सशांपासून ट्युलेरेमिया नावाचा आजार माणसाला होतो. हिरवळीवर यंत्र फिरवण्याआधीही एकदा चालून बघा, कारण 2000 साली मॅसॅच्युसेट्समधल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर या आजाराची साथ आली तेव्हा गवत आणि झुडपं कापण्याशी तिचा संबंध आढळला होता.

देखभाल

महिन्यातून एकदा कुंपणाभोवती एक फेरी मारा आणि नजर फक्त जमिनीवर ठेवा. पावसानं चर खचलेला, झिप टाय तुटलेला, गवत कापताना यंत्रानं जाळी ओढलेली, असं काही ना काही सापडतंच. जागच्या जागी पीन ठोका. चिकन वायर जमिनीत काही वर्षांनी गंजते. मार्चमध्ये खालची कड बुटानं हलकेच दाबून बघा, तार मोडली तर त्या बाजूला नवीन पट्टी आतून जोडा, सगळं उपटायची गरज नाही.

तुमच्या राज्याच्या विद्यापीठाची को-ऑपरेटिव्ह एक्स्टेन्शन, म्हणजे शेती-बागेबद्दल सल्ला देणारी सेवा असते, आमच्याकडे रटगर्स विद्यापीठाची आहे. काडी, लेंडी किंवा बिळाचा फोटो घेऊन तिथल्या मास्टर गार्डनर स्वयंसेवकांना दाखवलात तर प्राणी ओळखायला मदत करतात.

थंडीत वाफा रिकामा असतो, पण ससे असतात. खायला हिरवं उरत नाही तेव्हा ते सफरचंदाच्या, अंजिराच्या कोवळ्या खोडांची साल सोलून खातात, आणि खोडाभोवती सगळीकडून साल गेली तर झाड मरतं. नोव्हेंबरात खोडाभोवती हार्डवेअर क्लॉथची नळी करा, खोडापासून दोन इंच लांब, खाली दोन इंच मातीत. उंची बर्फाच्या हिशोबानं धरा. दीड फूट बर्फ साचलं की ससा त्या बर्फावर उभा राहून खातो, म्हणून नेहमीच्या बर्फाच्या वर आणखी दीड-दोन फूट जाळी यायला हवी. एप्रिलमध्ये नळी काढून ठेवा, नाहीतर खोड जाड होऊन तारेत रुततं.